शेवटच्या पुस्तकातला पूर

आर्लिस टॉर्केलसन शाळेची पिवळी बस चालवते. सकाळी पोरं गोळा करून शाळेत ओतते, दुपारी तीच पोरं ज्याच्या त्याच्या अंगणात परत टाकते. मधल्या वेळात बस शाळेमागे उभी असते. त्या उभ्या बसमध्ये, पहिल्या बाकावर बसून, मांडीवर फळी ठेवून या बाईने पाच जाडजूड पुस्तकं लिहिली. उभ्या बसचं इंजिन चालू ठेवायला मनाई, म्हणून हिवाळ्यातही आत ऊब नसे. बोटं उघडी राहतील असे हातमोजे घालून ती लिहायची. काचांना आतून बर्फाची फुलं धरायची आणि तिचा श्वास त्या फुलांवर जाऊन बसायचा. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरच्या आमच्या रेड नदीच्या खोऱ्यात थंडी अशी की उकळतं पाणी हवेत फेकलं तर खाली येईपर्यंत धूर होऊन जातं. अशा थंडीत कुणी उगाच लिहीत नाही, एवढं तरी स्कोगेन गावाला कळायला हवं होतं. कळलं नाही. स्कोगेनला एकूणच फार कमी कळतं, आणि जे कळतं ते कळलं नाही असं दाखवण्यात त्याची हयात जाते.

मी इथे बीटच्या हंगामात ट्रक चालवायला आलो आणि राहून गेलो. आलो तेव्हा मोठा पूर येऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून या गावाबरोबर पाणचट कॉफी पीत आलोय, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

तिची पुस्तकं वयात येणाऱ्या पोरापोरींसाठी. 'उलट्या नदीचं राज्य' असं त्या मालिकेचं नाव. त्यात एक नदी आहे, आमच्या नदीसारखीच उत्तरेला वाहणारी, आणि विन्ना नावाची पोरगी आहे जिला त्या नदीचं बोलणं ऐकू येतं. विन्ना लहानाची मोठी झाली ती ऑन नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याच्या झोपडीत. एक राजपुत्र आहे, एक चोर आहे, आणि दोघांचा जीव तिच्यावर. काटेवाला सरदार आहे, जो धान्य तोलताना काट्यावर करंगळी ठेवतो. राजाच्या तीन मावश्या आहेत, त्या सूप पिता पिता माणसांची अब्रू काढतात. पाण्याखालचे घोडे आहेत, बोलणारे बगळे आहेत. मला असल्या गोष्टींची आवड नाही. बगळ्याने बगळ्यासारखं वागावं. पण एक मान्य करतो: तिने नदी लिहिली आहे ती खरी. बर्फ फुटतानाचा तो लांबून येणारा गडगडाट, पाणी चढण्याआधी गवताला येणारा वास, हे बसमध्ये बसून सुचत नाही. त्यासाठी पाणी पाहिलेलं असावं लागतं.

पहिलं पुस्तक आलं तेव्हा गावात कुणी वाचलं नाही. कॅफेवाली लव्हॉन म्हणाली होती की तिला खरी कामं पुष्कळ आहेत. मग न्यू यॉर्कच्या प्रकाशकाने दुसरं काढलं, तिसरं काढलं, देशभरची पोरं वेडी झाली, राजपुत्रवाले आणि चोरवाले असे दोन तट पडून ती एकमेकांना शिव्या घालू लागली, छातीवर तटाचं नाव छापलेले सदरे घालून फिरू लागली. तेव्हा स्कोगेनने पुस्तक उघडलं. आणि कशासाठी उघडलं? गोष्टीसाठी नव्हे. आपण कुठे आहोत ते शोधायला.

आरसा मिळाला की माकडसुद्धा आधी मागे जाऊन बघतं, आत दुसरं माकड आहे का. आमचं गाव तेवढंही करत नाही. देखणा, शूर, मोठ्या मनाचा जो कोणी पानावर दिसे, तो म्हणजे आपण. आणि लोभी, लबाड, चहाडखोर जो दिसे, तो शेजारी. व्हर्लिन हॉगेन आमच्या धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक, वर गावाचा मेयर. तो दोन पुस्तकं होईपर्यंत स्वतःला वृद्ध सेनापती समजत होता. चौथ्या पुस्तकात काटेवाल्या सरदाराने व्हर्लिनसारखाच कोपरापासून हात झटकला, आणि सगळ्या कॅफेने एकदम आपापल्या कपात बघितलं. त्या दिवशी बाहेर पडताना व्हर्लिनची पायरी चुकली आणि त्याने दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं. लव्हॉनला वाटायचं ती नदीची राणी. ती मधली मावशी आहे हे तिला तिच्याच भाचीने सांगितलं.

आर्लिसला विचारलं तर ती म्हणे, मी कुणालाच घेतलेलं नाही. खोटं बोलत नव्हती. रोज बस घेऊन गावाच्या अंगणाअंगणात फिरणाऱ्या बाईला माणसं घ्यावी लागत नाहीत, ती आपली आत येऊन बसतात.

चौथं पुस्तक आलं आणि पाचवं, शेवटचं, येईना. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. न्यू यॉर्कहून संपादिकेचे फोन येत. तिचं म्हणणं साधं होतं: विन्नाचं लग्न लावून टाक, कुणाशीही लाव, पण लाव. पोरांची पत्रं पोत्यांनी येत. आणि गावाने मनाशी ठरवून टाकलं की बाई अडली आहे आणि तिला वाट दाखवणं आपलं कर्तव्य आहे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं उमगायचं नाही. आमच्याकडे कुणी काही मागत नाही. मागणं हा उघडेपणा. ज्याला काही हवं असेल तो घरी हॉटडिश घेऊन येतो, म्हणजे खिमा आणि डबाबंद सूप, त्यावर बटाट्याचे गोळे लावून भट्टीत भाजलेलं ते प्रकरण. बसून हवामान बोलतो. जायला उठतो तेव्हा दारात थांबून अर्धा तास दुसरंच काहीतरी बोलतो. मग घरधनी त्याला गाडीपर्यंत सोडायला जातो, तो गाडीत बसतो, इंजिन सुरू करतो, काच खाली करतो, आणि तेव्हा, फक्त तेव्हा, खरं काम तोंडातून बाहेर पडतं. आणि नाही म्हणणं तर त्याहून मोठा उघडेपणा. ज्याला नाही म्हणायचं तो म्हणतो, "विचार करण्यासारखं आहे." ऐकणाऱ्याला हवं असेल ते तो त्यातून ऐकून घेतो. अशाने आमच्याकडे कित्येक जमिनी दोघांना विकल्या गेल्या आणि कित्येक पोरींची दोन ठिकाणी लग्नं ठरली.

व्हर्लिन असाच एका संध्याकाळी आला. बीटमधली ओल, चर्चच्या छपराची गळती, त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, सगळं झालं. मग ट्रकमध्ये बसून, काच खाली करून, समोरच्या अंधारलेल्या शेताकडे बघत म्हणाला, "तो काटेवाला आहे ना तुझा. माणूस एकदम असा वाईट नसतो गं. त्याच्याही मनात काही चांगलं असेल की."

"विचार करण्यासारखं आहे," आर्लिस म्हणाली.

"म्हणजे शेवटी तरी. लोकांना त्याने वाचवलं बिचवलं, असं काहीतरी."

"ते विचार करण्यासारखं आहे, व्हर्लिन."

तो शीळ घालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी कॅफेत सांगत होता की सरदार सुधारणार, आतली खबर आहे. मग लव्हॉन आली. ती बिचारी गाडीची काच खाली केल्यावरही दहा मिनिटं वायपरबद्दल बोलत होती. शेवटी म्हणाली, मधल्या मावशीला एकदा तरी कुणी नाचायला बोलावलं तर बरं दिसेल, फार नको, एकच गाणं. मग पाद्री आला, मग शाळेचा मुख्याध्यापक. कुणाला आपलं पात्र मरायला नको होतं, कुणाला शेजाऱ्याचं मरायला हवं होतं. सगळ्यांना एकच उत्तर मिळालं, आणि सगळे एकच उत्तर घेऊन वेगवेगळी वचनं घरी घेऊन गेले. आर्लिसच्या शीतपेटीत बटाट्याचे गोळे मावेनात. तिचा नवरा डुएन निमूटपणे ते खात असे. डुएन सगळंच निमूटपणे करतो. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात, हिवाळ्यात बर्फ ढकलतो, उन्हाळ्यात रस्त्याची पाठ सपाट करतो. बायकोच्या चार पुस्तकांतलं एक पान त्याने वाचलेलं नव्हतं.

आणि पुस्तक अडलं होतं ते डुएनपाशीच.

मोठ्या पुराची गोष्ट या गावात कुणालाही विचारा. लव्हॉनच्या कॅफेत भिंतीवर चौकटीतला फोटो आहे: अख्खं गाव ओळीत उभं, हातोहात वाळूची पोती चाललेली, सगळ्यांचे चेहरे चिखलाने सारखेच. किती पोती भरली, कुणाच्या आजीने सँडविचं केली, कसा देव पावला आणि ऐन वेळी पाणी उतरलं. डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली की तिच्यात कुठे खोकायचं तेही मला पाठ आहे. तीत एक माणूस नाही, तो कोण, हे मला कळायला वर्षं गेली.

त्या माणसाचं नाव इनार गुल्सविग. एकटा जीव, लग्न न केलेला, गावाच्या उत्तरेला काउंटीच्या रस्त्यापलीकडे त्याचं शेत. आईने ठेवलेला भात्याचा ऑर्गन, थोडी गुरं, गोठ्यात वासरं. शेतं पाण्याने भरली होती आणि ते पाणी त्या उंच रस्त्याला अडून गावाकडे चढत होतं. रस्ता फोडला तर पाणी पलीकडे जाणार, म्हणजे इनारच्या घरात. सकाळी व्हर्लिनने इनारला बोलावून घेतलं, की शाळेच्या हॉलमध्ये हात कमी पडतायत, पोती भरायला ये. तो आला. कुठल्याही माणसाने यावं तसा आला, स्वतःचं फावडं घेऊन. तो गावासाठी पोती भरत होता तेव्हा भर दुपारी व्हर्लिनच्या सांगण्यावरून डुएन टॉर्केलसनने खोदायचं यंत्र रस्त्यावर नेलं आणि रस्ता फोडला. तासाभरात गावातलं पाणी खाली गेलं. लोकांनी टोप्या उडवल्या. इनारनेही उडवली, कारण तोवर त्याला काय माहीत.

काउंटीच्या कागदात लिहिलं आहे की रस्ता आपोआप वाहून गेला. आमच्याकडे आपोआप पुष्कळ गोष्टी होतात.

इनार घरी परतलाच नाही, परतायला घर उरलं नव्हतं. त्याला शेजारच्या मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. स्कोगेनमधून त्याला भेटायला कोण गेलं? पाद्री एकदा, नाताळात, घाईत. आर्लिस मात्र गेली. तिचंही घर पुरात कोरडं राहिलं होतं. ती खुर्चीवर बसून हवामान बोलली, त्याने हवामान ऐकलं. ती निघाली तेव्हा इनारने विचारलं, "डुएनची पाठ बरी आहे ना? त्या यंत्रावर बसलं की पाठ फार धरते."

एवढंच. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही आणि हिवाळा संपायच्या आत तो गेला. पण आर्लिसला समजलं की म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, यंत्रावर कोण होतं तेसुद्धा. घरी येऊन तिने डुएनला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात, शाळेमागे उभ्या केलेल्या बसमध्ये, तिने पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान लिहिलं. त्या पानापासून ती नदी एकाच शेताकडे चालली होती. राजपुत्र, चोर, बगळे, हे सगळं वाटेतलं. शेवटच्या पुस्तकात राजधानी वाचवण्यासाठी बांध फोडायचा आणि ऑन नावाड्याचं शेत बुडवायचं, आणि बांध फोडणार विन्ना. हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं. आता ते लिहायची वेळ आली होती, आणि लिहिलं की कॅफेतला प्रत्येक माणूस विन्नाच्या जागी कुणाला पाहणार हेही ठाऊक होतं. न लिहिलं तर चार पुस्तकं म्हणजे नुसते घोडे आणि बगळे. लिहिलं तर घरात जो माणूस निमूटपणे जेवतो तो कदाचित निमूटपणे निघून जाईल.

हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, तिच्या पद्धतीने, म्हणजे बसच्या दारात उभं राहून, निघता निघता.

शेवटी तिने लिहिलं. एका सकाळी कागदांचा गठ्ठा स्वयंपाकघरातल्या टेबलावर डुएनच्या ताटाशेजारी ठेवला आणि बस घेऊन गेली. दुपारी आली तेव्हा तो घरात नव्हता. गठ्ठा पालथा, शेवटचं पान वर. डुएन गॅरेजमध्ये बर्फाच्या नांगराला वंगण देत होता, मे महिन्यात. रात्री दोघं जेवायला बसली. ताट सरकवून डुएन म्हणाला, "असं नाही फोडत."

"काय?"

"बांध. तुझी पोरगी या टोकापासून त्या टोकापर्यंत खणत बसली आहे. एवढं खणावं लागत नाही. मधोमध एक बारीक चर घ्यायचा आणि मागे व्हायचं. बाकीचं पाणी करतं." त्याने हात पुसले. "म्हणून तर सोपं जातं."

आर्लिसने विचारलं, की विन्नाच्या हातून फावडं काढून दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ का. सरदाराच्या देता येईल.

"सरदाराच्या कशाला? सरदार खणत नसतो, सरदार सांगतो." मग त्याने टेबलावरचे चुरे बोटाने एका जागी ओढले. "ती नंतर काय करते?"

"वाचलंस ना. निघून जाते. नदीबरोबर उत्तरेला."

"आणि म्हाताऱ्याला कोण सांगतं?"

"कुणीच नाही. त्याला कळलेलं असतं."

"कळलेलं असतं ते वेगळं," डुएन म्हणाला. "मीही असंच धरून चाललो होतो. मी गेलो नाही, आर्लिस. दोनदा गाडी काढली आणि मोठ्या रस्त्यावरून परत आलो. मला नाही जमलं. तिला जाऊ दे. तिला जाऊन सांगू दे."

मग आर्लिसने इनारचा तो प्रश्न त्याला सांगितला, पाठीचा. इतक्या वर्षांनी. डुएन उठून सिंकपाशी गेला आणि स्वच्छ असलेला कप बराच वेळ धूत राहिला. रात्री तो त्याच्या खोलीत झोपला, म्हणजे त्यांच्याच, म्हणजे निघून गेला नाही.

शेवटचं प्रकरण तिने पुन्हा लिहिलं. विन्ना उत्तरेला जात नाही. राजपुत्राशी नाही, चोराशी नाही, कुणाशीच लग्न करत नाही. ऑन ज्या परक्या घरात आसऱ्याला आहे तिथे ती जाते, दारात उभी राहते आणि सांगते: मी फोडला. म्हातारा तिला आत घेतो की नाही, हे पुस्तकात नाही. न्यू यॉर्कची संपादिका फोनवर रडली म्हणे, लग्न न लावल्यामुळे की कशामुळे कोण जाणे.

आता गंमत ऐका. आर्लिसने कुणाचं मन मोडलं नाही. हॉटडिश आणणाऱ्या प्रत्येकाला जे हवं होतं ते दिलं. काटेवाला सरदार सुधारला: राजधानी वाचवायची युक्ती त्याचीच, लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. मधल्या मावशीला एक सुतार नाचायला बोलावतो, पूर उतरल्याच्या आनंदात. धर्मगुरू प्रार्थना करतो आणि पाणी त्याच क्षणी उतरतं. कुणी मरत नाही. सगळे कोरडे राहतात. फक्त त्या कोरडेपणाची जागा तिने दाखवून दिली, उत्तरेला, बांधापलीकडे.

पुढच्या वसंतात पुस्तक आलं तेव्हा चर्चच्या तळघरात समारंभ झाला. व्हर्लिनने भाषण केलं, लव्हॉनने बगळ्याच्या आकाराच्या कुकीज केल्या, त्या कोंबड्यांसारख्या दिसत होत्या. शुक्रवारी सगळ्यांनी प्रती घरी नेल्या. शनिवारी लोक एकमेकांना रस्त्यात थांबवून अभिनंदन करत होते, कारण तोवर सगळे पुस्तकाच्या मध्यापर्यंत आले होते. लव्हॉन तर चक्क गुणगुणत होती. रविवारी प्रार्थनेला बाक अर्धे रिकामे होते. सोमवारी कॅफेत मी गेलो तर एवढी शांतता की अंडं तळलेलं ऐकू यावं.

आठवडाभर कुणी ब्र काढला नाही. मग लव्हॉन माझ्यासमोर आर्लिसला म्हणाली, "वाचलं हं. जरा वेगळंच आहे." आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. आणि शिवी घालून झाल्यावर तिने आर्लिसचा कप भरला, काठोकाठ, इतका की तो उचलता येऊ नये.

व्हर्लिन आर्लिसच्या घरी गेला, या वेळी रिकाम्या हाताने. काच खाली करायची वाटही पाहिली नाही त्याने. पायऱ्यांवरच म्हणाला, "तुझंही घर कोरडं राहिलं, आर्लिस."

"राहिलं ना," ती म्हणाली. "म्हणून तर लिहायला टेबल होतं."

"गावाने काय करायला हवं होतं मग? तू सांग. शंभर घरं बुडू द्यायची होती?"

"मी तसं कुठे लिहिलंय? विन्ना बांध फोडतेच की. पण ती जाऊन सांगते."

व्हर्लिनने हात झटकला, कोपरापासून. मग तो ट्रकमध्ये बसला आणि काच वर ठेवूनच निघून गेला.

पुढे त्याला सुचलं ते वेगळंच. जूनमध्ये पोरं यायला लागली. ओहायोहून, कॅन्सासहून, कॅनडाच्या बाजूने, आईबापांच्या गाड्यांतून, नावाड्याच्या टोप्या घालून. कॅफेत येऊन विचारायची, ऑनचं शेत कुठे आहे? त्यांना कुणीतरी कुठेतरी सांगितलं होतं की ते खरं आहे. पहिल्या आठवड्यात लव्हॉन म्हणायची, असं काही नाही इथे. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की पोरं 'पाय' खातात, म्हणजे आत फळं भरून भाजलेला तो गोड प्रकार, आणि दोन-दोन कॉफ्या पितात. महिन्याभरात गावाला पुस्तकाचा अभिमान वाटू लागला. जी लाज सात दिवस घशात अडकली होती ती एका उन्हाळ्यात पचून गेली. मी बैल पाहिलेत खिळा पचवताना, पण असं पचन पाहिलं नाही.

गावच्या सभेत ठरलं की रस्त्यावर फलक लावायचा. व्हर्लिनने स्वतः तो रंगवून आणला: 'ऑन नावाड्याचं शेत', खाली नौका, बाजूला बगळा, आणि सर्वात खाली कोठाराचं आणि कॅफेचं नाव. गुल्सविग हे नाव कुठेच नाही. काउंटीच्या रस्त्यावर खांब रोवायचा म्हणजे रस्ते खात्याच्या माणसाने रोवायचा. म्हणजे डुएनने.

आम्ही दहा-बाराजण तिथे होतो. व्हर्लिनने ट्रकमधून फलक उतरवला, फोटोसाठी एक हात त्यावर ठेवून उभा राहिला. डुएन यंत्रावर बसलेला. त्याने ते सुरू केलं नाही.

"चल रे डुएन, ऊन वाढतंय," व्हर्लिन म्हणाला.

"यावर इनारचं नाव नाही."

"अरे पोरं इनारला कुठे ओळखतात? ती ऑनला बघायला येतात."

"मग त्यांना इथे काय दाखवणार? इथे ऑन राहत नव्हता."

"नियमाने लावायचा आहे, सभेत ठरलंय."

"मागच्या वेळी सभेत ठरलं नव्हतं," डुएन म्हणाला, "तेव्हा मी खणलं. या वेळी नाही खणत. नाव घालून आण, खड्डा एका मिनिटात करून देतो."

विचार करण्यासारखं आहे, असं तो म्हणाला नाही. आमच्या गावाच्या कानांना हे इतकं नवं होतं की लव्हॉनने चक्क इकडेतिकडे पाहिलं, कुणी परका बोलला का म्हणून. व्हर्लिन फलक उचलून घेऊन गेला. सांगत होता की दुसऱ्या रंगाऱ्याकडे देतो, जागा बघतो, नाव बसतं का ते पाहतो. तो फलक अजून कोठाराच्या मागच्या छपराखाली पडून आहे, बगळ्याचं तोंड भिंतीकडे. गाव म्हणतं, वसंतात लावू. आमच्याकडे सगळं वसंतात होतं.

पोरं अजून येतात. कॅफेत विचारतात, आणि लव्हॉन, जिला रस्ता डोळे मिटून दाखवता येईल, ती म्हणते, "डुएन टॉर्केलसनला विचारा, त्याला ठाऊक आहे." असं म्हणून ती त्या गोड 'पाय'चा आणखी एक तुकडा त्यांच्यापुढे सरकवते. रविवारी दुपारी पोरं डुएनच्या दारात उभी राहतात. तो टोपी घालतो, त्यांना ट्रकच्या मागे बसवतो आणि उत्तरेला नेतो. तिथे बघण्यासारखं काही नाही, बीटची पानं आहेत, दूरवर, वाऱ्याने एका अंगाला पडलेली. डुएन हाताने दाखवतो: घर इथे होतं, दार पूर्वेला. गोठा इथे. ऑर्गन बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी. माणसाचं नाव इनार गुल्सविग.

मग तो त्यांना रस्त्यावर घेऊन येतो, डांबरात जिथे जुना जोड अजून दिसतो तिथे उभा राहतो आणि सांगतो, "यंत्र इथे लावलं होतं. मी लावलं होतं."

पोरं टोप्या काढतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.